न सांगितलेलं वजन

मित्रांनो, लंडनमधल्या हॅरोच्या या घरात शिरून कोट टांगायला डावीकडे वळलात की जरा मान वर करा. खुंट्यांच्या वर, गोल पितळी तबकडीचा आणि खाली हुक असलेला जो लोंबतो आहे, तो मी. मी एक जुना ताणकाटा आहे. विज्ञानाच्या वहीत माझी आकृती तुम्ही काढली असेल आणि स्प्रिंग वाकडी आली म्हणून खोडलीही असेल. पण मी प्रयोगशाळेतला नव्हे. मी बाळांची वजनं करणारा. माझ्या हुकाला कापडाची झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं आणि ते हातपाय झाडायचं थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं. बाळ हललं की माझी सुई हलते, त्यामुळे माझ्या धंद्यात घाई चालत नाही.

स्वभावाने मी थोडा ताठ आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोणाच्या भिडेखातर सुई केसभरही सरकवली नाही. गुटगुटीत बाळाला गुटगुटीत म्हटलं आणि तोळामासा प्रकृतीच्या बाळाला तसं म्हटलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं तरी आकडा बदलला नाही. मला त्याचा फार अभिमान होता. आकडा सांगितला की आपलं काम संपलं, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

माझा जन्म बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे जाड चष्म्याची एक बाई होती. तिने माझ्या स्प्रिंगला वजनं लावून लावून मला घाम फोडला आणि मी खोटं बोलत नाही अशी खात्री झाल्यावरच मला खोक्यात बसवलं. तबकडीवर बाहेर पौंड, आत किलो. तिथून मी स्लाऊच्या एका दवाखान्यात आलो आणि डॉक्टर प्रमोदिनींच्या बॅगेत माझी रवानगी झाली.

प्रमोदिनी तेव्हा पुण्याहून नुकत्याच आलेल्या, तरुण, चटपटीत डॉक्टर होत्या. ट्रेडिंग इस्टेट नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या माणसांच्या घरी आम्ही दोघं हिंडायचो. पंजाबी, गुजराती, आयरिश, अधूनमधून एखादं मराठी घर. भाषा निराळ्या, पण एका बाबतीत सगळ्या आया सारख्या. बाळ झोळीत निजलं, माझी सुई थांबली, की आई घाईघाईने म्हणायची, "मोठ्याने नको हं सांगू, डॉक्टर!" आयरिश आजी तर बाळाचं कौतुक झालं की लगेच देवाचं नाव घ्यायची. प्रमोदिनीबाई आकडा कागदावर टिपून घ्यायच्या आणि तोंडाने फक्त म्हणायच्या, "बरं आहे." मग खिशातलं निळं बॉलपेन काढून बाळाच्या कानामागे कोणाला दिसणार नाही असा एक बारीक ठिपका काढायच्या. काजळाची तीट दवाखान्यात शोभत नाही, म्हणून ही बॉलपेनची तीट!

मला याचा भारी राग यायचा. वजन करायला मला लोंबकळत ठेवायचं आणि वजन सांगायची वेळ आली की "बरं आहे"? मग मी कशाला हवा? पुढे बाईंना मुलगी झाली. काळ्या मण्यांच्या मनगट्या घातलेली ती उल्का माझ्या झोळीत चांगली भरली होती. मी ताठ मानेने आकडा दाखवला. बाईंनी तो बघितला, हसल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे." वर ठिपका. स्वतःच्या मुलीलाही सूट नाही!

दिवस सरले. विजेवर चालणारे पांढरे काटे आले आणि मी कपाटात गेलो. बाई निवृत्त झाल्या, स्लाऊ सोडून हॅरोला राहायला आल्या, आणि इथे मला काम मिळालं ते बॅगा तोलण्याचं. भारतात जायच्या आदल्या दिवशी माझ्या हुकाला सुटकेस अडकायची. जाताना चॉकलेटं आणि साबण, येताना भाजणी, पापड, लोणचं. परदेशातल्या मराठी घरात ताणकाट्याला याहून मोठं काम नसतं. ज्या हुकाला बाळं लटकली त्याला मी कैरीचं लोणचं लटकवून घेत होतो. मित्रांनो, त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं.

उल्का मोठी होऊन मुलांची डॉक्टर झाली. हॉस्पिटलच्या नोकरीत मिळणारी वार्षिक रजा लोक स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर घालवतात. ही मात्र काही डॉक्टर-नर्सेसच्या गटाबरोबर मेक्सिकोतल्या डोंगराळ भागात फुकट दवाखाने चालवायला जाऊ लागली. तिथल्या एका अनाथाश्रमातली मुलं तपासायची, औषधं द्यायची, लसी टोचायच्या. पहिल्या वर्षी तिथे वीज गेली आणि नवा काटा आंधळा झाला. दुसऱ्या वर्षी निघताना तिने मला खुंटीवरून उतरवलं, पदराने पुसावं तसं कोटाच्या बाहीने पुसलं आणि म्हणाली, "आई, याला बॅटरी लागत नाही. याला मी नेते." प्रमोदिनीबाईंनी आपल्या मऊ सुती पातळाची नवी झोळी शिवून दिली. त्या दिवशी मी पुन्हा माणसांत आलो.

तिथे मला पेरूच्या झाडाला टांगत. मुलं रांगेत उभी राहत, आणि ज्यांचं वजन करायची गरज नव्हती तीही झोळीत बसायला रांगेत घुसत. काळजी घेणाऱ्या बायका मोजक्याच होत्या आणि मुलं पुष्कळ. त्यामुळे कोणी नवं माणूस आलं की मुलं त्याला चिकटायची. पहिल्या वर्षी तोमास नावाचा एक मुलगा उल्काला असाच चिकटला होता. तिने त्याला दोन आठवडे कडेवर मिरवलं. निघायच्या पहाटे तो झोपेत होता. उठला तर रडेल, म्हणून ती पाऊल न वाजवता गाडीत जाऊन बसली. दुसऱ्या वर्षी मी बरोबर होतो, तेव्हा पुढचं मी स्वतः पाहिलं. उल्काने हात पसरले आणि तोमासने तिच्याकडे पाठ फिरवली. दोन्ही आठवडे तो तिच्या जवळ आला नाही.

तेव्हापासून उल्काने नेम केला. तपासायला लागेल तेवढाच हात लावायचा, कोणाला उचलून घ्यायचं नाही. आपण जाणारी माणसं, लेकरांना लळा लावून त्यांचे हाल करू नयेत. तपासणी झाली की तिचे दोन्ही हात कोटाच्या खिशात जात. पण डोळ्यांना खिसे नसतात ना! मुलांकडे बघताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला, एका काट्याला, गलबलून यायचं.

त्याच अनाथाश्रमात नायेली आली. दीड वर्षाची, टपोऱ्या डोळ्यांची, आणि दूध पितानासुद्धा कपाळावर घाम येणारी. तिच्या हृदयाला भोक होतं. काही केल्या अंगावर मूठभर मांस चढेना. उल्काने त्या गटातल्या डॉक्टरांना गळ घातली, पत्रं लिहिली, देणग्या गोळा केल्या, आणि लंडनच्या एका हॉस्पिटलने ऑपरेशन करायचं कबूल केलं. सर्जनची अट एकच होती. मूल आठ किलोचं तरी हवं आणि त्या दिवशी सर्दी-ताप नको. अट पुरी झाली नाही तर ती तारीख दुसऱ्या मुलाला जाणार, आणि नायेलीची पुन्हा कधी लागेल याचा नेम नाही. तेवढा वेळ तिच्या हृदयापाशी होता की नाही, हे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

२००६ सालच्या जानेवारीत नायेली हॅरोच्या या घरात आली. बरोबर कोन्सुएलो होती, अनाथाश्रमात मुलांना सांभाळणारी. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, हसली की सगळी हलणारी बाई. तिला इंग्रजी येत नव्हतं, प्रमोदिनीबाईंना स्पॅनिश येत नव्हतं, आणि तरी दोघी पहिल्याच दिवशी पोळपाटाशी उभ्या राहून एकमेकींच्या पोळ्यांना नावं ठेवू लागल्या. मला स्वयंपाकघराच्या दाराला टांगलं होतं. रोज सकाळी नायेलीला उघडं करून झोळीत ठेवत. आठाला थोडंच कमी होतं आणि सुई रोज जराशी पुढे सरकत होती. सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला होता आणि ती टांगणी म्हणजे मी.

उल्काने घरात कडक नियम केले. थंडीचे दिवस, ट्रेनमध्ये जो तो खोकतोय. बाहेरच्या कोणीही बाळाला हात लावायचा नाही. नायेलीच्या मनगटाला लाल दोऱ्यात ओवलेली एक तपकिरी बी होती. ती तोंडात जाऊन घशात अडकेल म्हणून उल्काने तीही काढून ठेवली. कोन्सुएलोचा चेहरा उतरला, पण डॉक्टरपुढे ती काही बोलली नाही.

आणि मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. प्रमोदिनीबाईंच्या हळदीकुंकवाला स्लाऊपासून बायका येतात, तो रिवाज काही मोडता येत नाही. फोनवरून प्रत्येकीला बजावलं, "बाळाला बघा, पण लांबूनच." बायका शहाण्या, डॉक्टरचं ऐकणाऱ्या. साड्यांवर जाड कोट चढवून आल्या, तिळगूळ घेतला, एकमेकींच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, आणि जिन्याच्या पायरीवर कोन्सुएलोच्या मांडीत बसलेल्या नायेलीसमोर अर्धगोल करून उभ्या राहिल्या.

"किती गोड गं!"

"डोळे बघ, डोळे! शी इज अ डॉल!"

स्लाऊच्या सुनेत्राताईंचा आवाज सगळ्यांत मोठा. "अगं, दृष्ट लागण्यासारखं रूप आहे हो पोरीचं!" असं म्हणून त्या पुढे झाल्या, उल्काची नजर पाहून थबकल्या आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. बाकीच्यांनीही हात मागे घेतले.

मी दारावरून सगळं बघत होतो. कोन्सुएलोच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. घरभर बायका एकमेकींच्या कपाळाला बोटं लावत होत्या आणि तिच्या लेकराला मात्र डोळे भरून पाहून हात पाठीमागे लपवत होत्या. ती एकाएकी उठली, नायेलीला शालीत गुंडाळलं आणि वर खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं बिनसलं. कोन्सुएलो खाली येईना. वरच्या खोलीचे पडदे ओढलेले, ताट तसंच परत. नायेली घास तोंडात घेऊन थुंकायची. सकाळी माझी सुई मागे सरकली. पुढच्या सकाळी आणखी मागे.

उल्काने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हा काटा जुना झालाय. स्प्रिंग गेली असणार." मित्रांनो, तो घाव मी अजून विसरलो नाही. हिला मी नागडी तोललेली! ती हॅरोच्या बाजारातून नवा डिजिटल काटा घेऊन आली. त्याने बीप केलं आणि माझाच आकडा दाखवला. मी जिंकलो होतो, पण उल्का पायरीवर बसून रडायला लागली आणि मला जिंकल्याचं काहीच वाटलं नाही.

त्या दुपारी कोन्सुएलो एकदाची स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले. तिने प्रमोदिनीबाईंना बोटांनी अंड्याचा आकार करून दाखवला आणि हात जोडले. बाईंना कोण आनंद झाला! बाईला भूक लागली म्हणायची. त्यांनी कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची घालून लुसलुशीत ऑम्लेट केलं आणि पुढे ठेवलं. कोन्सुएलो त्या ऑम्लेटकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा बोटांनी अंडं दाखवलं. बाईंनी दुसरं ऑम्लेट केलं, या वेळी चीज घालून. कोन्सुएलोने टेबलावर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडू लागली.

"उल्के, मालविकाला फोन लाव बाई," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "हे काही मिरचीचं रडणं नाही."

मालविका म्हणजे ब्रिस्टलच्या शाळेत स्पॅनिश शिकवणारी मुलगी, आईवडील मराठी, जन्म इथला. दरवर्षी उल्काच्या गटाबरोबर दुभाषी म्हणून ती मेक्सिकोला जायची. फोनचा स्पीकर लावला आणि कोन्सुएलो जी बोलत सुटली ती थांबेना. मग मालविकाचा आवाज आला.

"उल्काताई, वेट, मी सांगते. ती म्हणते, त्या दिवशी सगळे बायका आले, सगळे म्हणाले किती ब्यूटिफुल, पण कोणीपण हात नाही लावला. तिच्या गावात तसं खूप डेंजरस असते. बाळ आवडला तर तुला हात लावायलाच लागतो. नाहीतर बाळ आजारी होते, खात नाही. माझा आजी काय म्हणायची त्याला? दृष्ट! तेच. आणि तो रेड ब्रेसलेट त्याच्यासाठीच होता, तो पण तू काढला. आता तिला अंडा पाहिजे बाळावरून फिरवायला. रॉ. कच्चा."

"अगं बाई!" प्रमोदिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि मी तिला ऑम्लेटं खायला घालतेय!"

उल्का मात्र हसली नाही. "मालविका, तिला सांग, मी उगाच नियम केला नाहीये. साधी सर्दी झाली तरी ऑपरेशन कॅन्सल होईल."

तिकडे बोलणं झालं. मालविका म्हणाली, "ती म्हणते, हात धुऊन लावा. तुमच्याकडे पाणी तर खूप आहे. वरून पण पडतो, नळातून पण."

मग कोन्सुएलोने थेट उल्काकडे बघून आणखी काही विचारलं. मालविका जरा अडखळली. "ती विचारते, तू पण का नाही घेत? तू हात खिशात ठेवते. तिकडे पण. ती म्हणते, डॉक्टरला आमची मुलं आवडत नाही का?"

उल्काचे हात त्याही वेळी कार्डिगनच्या खिशात होते. तिने तोमासचं सगळं सांगितलं, थांबत थांबत, मालविकाला भाषांतर करायला वेळ देत. लळा लावला म्हणून तो दुखावला, म्हणून मी हात आवरते, असं म्हणाली.

कोन्सुएलोने मान हलवली आणि अगदी हळू बोलली.

"ती म्हणते, नाही. तू घेतला म्हणून तोमास नाही रागावला. तू त्याला न सांगता गेली. तो उठला आणि फाटकापाशी जाऊन बसला. जेवायला पण नाही आला. तिकडे खूप लोक येतात आणि जातात, मुलांना माहीत असते. पण सांगून जायचं, ती म्हणते. रडला तर रडू दे."

तोमासला न उठवता निघणं ही आपली दया, असं उल्काने चार वर्षं धरलं होतं, आणि त्या मुलाला ते असं लागलं होतं. तिला फार लागलं. मला ते दिसत होतं आणि माझ्या तबकडीवर त्याला आकडा नव्हता.

"आई," ती शेवटी म्हणाली, "तू तर डॉक्टर आहेस. तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? आपण लांबून मीठ-मोहरी ओवाळतो, त्या जवळ जाऊन हात लावतात. ज्याची त्याची रीत. पण घाबरलेल्या बाईच्या मांडीवर पोर जेवत नाही, हे मी स्लाऊमध्ये घरोघरी पाहिलंय. तू तुझं इन्फेक्शन सांभाळ, पण त्या बाईची भीती घालव आधी."

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, हे किती बरं! प्रमोदिनीबाईंनी सगळ्यांना पुन्हा फोन केले. या वेळी निरोप उलटा होता. "हात लावायला या. सर्दी असेल तिने घरी बसा." स्वयंपाकघराच्या नळाशी बायकांची ही रांग लागली. कोणी बांगड्या वर सारून कोपरापर्यंत साबण लावतेय, कोणी अंगठ्या काढून ओट्यावर ठेवतेय. उल्का सर्जनसारखी प्रत्येकीचे हात तपासत होती. कोन्सुएलो नायेलीला घेऊन खुर्चीवर बसली होती, पाठ ताठ, डोळे सावध.

पहिला हात कोणाचा, ते तिने आधीच ठरवलं होतं. तिने उल्काकडे बोट केलं.

उल्का पुढे आली. हात धुतलेले, ओले. तिने ते पुसले, पुन्हा पुसले. मला कळलं की ती घाबरली आहे. दिवसाला कितीतरी मुलं तपासणारे ते हात होते, पण तपासायचा हात वेगळा आणि मायेचा वेगळा. मग तिने एकदाचा तळवा नायेलीच्या डोक्यावर ठेवला. नायेलीने वर बघितलं, दोन्ही हात वर केले, आणि उल्काने तिला उचलून उराशी धरलं. कोन्सुएलोने इतका मोठा श्वास सोडला की मी दारावर डुललो.

मग एकेक बाई. कोणी कपाळाला बोट लावलं, कोणी गालाला, कोणी बोटं मोडली. आणि एवढ्यात दारातून जोराची शिंक आली. सुनेत्राताई! सर्दी असून आल्या होत्या.

"मला माहितीय, मी बाहेर बसते," त्या ओशाळून म्हणाल्या. "पण दृष्ट लागण्यासारखं रूप आहे असं मीच म्हटलं होतं गं. मला घरी चैन पडेना."

कोन्सुएलोलाही नेमका तोच आवाज लक्षात होता. ती मान हलवून सांगू लागली, हिने तर लावलाच पाहिजे. उल्काने कपाळाला आठ्या घातल्या, विचार केला, आणि आपल्या बॅगेतून मास्क काढला. सुनेत्राताईंनी मास्क बांधला, दोनदा हात धुतले, श्वास रोखून, मान मागे वळवून, हात लांबच लांब केला आणि नायेलीच्या पायाच्या अंगठ्याला टेकवला. नायेली खुदकन हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

संध्याकाळी कोन्सुएलोने कच्चं अंडं बाळावरून फिरवलं आणि प्रमोदिनीबाईंनी मागून मीठ-मोहरी ओवाळली. दोघींनी एकमेकींचं काम चुकतंय की काय ते नीट बघून घेतलं. तपकिरी बी उल्काने स्वतः कोन्सुएलोच्या मनगटाला बांधली, बाळाच्या तोंडापासून लांब पण बाळाच्या सतत जवळ.

मी काटा आहे, चमत्कारावर माझा विश्वास नाही. वरच्या खोलीचे पडदे उघडले, कोन्सुएलो स्वयंपाकघरात येऊन बसू लागली, स्वतः जेवू लागली, आणि तिच्या मांडीवर नायेलीने मेतकूट-तूप-भाताला तोंड उघडलं. खाल्लेलं अंगाला लागू लागलं. उल्का हॉस्पिटलमधून आली की हात धुवून सगळ्यांत आधी तिला कडेवर घ्यायची. माझी सुई परत फिरली. तारखेच्या सकाळी झोळी अडकवली, तेव्हा तिघी श्वास धरून उभ्या होत्या. सुई थरथरली, पुढे गेली, मागे आली, आणि आठावर टेकली.

"आठ!" उल्का ओरडली. "आई, आठ भरले!"

"अगं हळू!" म्हणून प्रमोदिनीबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि कोन्सुएलोने घाईघाईने बाळाच्या डोक्यावर. मला तर हसू आलं.

ऑपरेशन झालं. त्या दिवशी घर रिकामं होतं आणि मी एकटाच दारावर होतो. त्यामुळे तिथलं मला काही सांगता येणार नाही. रात्री कुलपात किल्ली फिरली, प्रमोदिनीबाई आत आल्या आणि कोटही न काढता देवापुढे दिवा लावायला गेल्या. त्यावरून मी काय ते समजलो.

पुढे काही आठवड्यांनी त्यांच्या परतीचा दिवस आला. उल्काची त्या दिवशी ड्यूटी होती. पूर्वीची उल्का असती तर पहाटेच निघून गेली असती. या वेळी तिने ड्यूटी बदलून घेतली. टॅक्सी दाराशी उभी होती, कोन्सुएलोने कोट घातला होता, आणि तिने माझ्याकडे बोट करून खुणेने विचारलं, शेवटचं एकदा?

नायेली आता गुबगुबीत झाली होती. उल्काने तिला स्वतः उचलून झोळीत ठेवलं. ती घाम न येता हसत होती, पाय झाडत होती, आणि मला थांबायला फार वेळ लागला. सुई स्थिर झाली. मी छाती फुगवून उभा होतो. इतका सुंदर आकडा मी जन्मात थोड्याच वेळा दाखवला असेन. उल्काने वाकून बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"बरं आहे," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या वेळी मला राग आला नाही. इतकी वर्षं प्रमोदिनीबाई काय करत होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. तिने खिशातून बॉलपेन काढलं, नायेलीच्या कानामागे एक बारीक निळा ठिपका काढला आणि तिला कडेवर घेऊन मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, तू आज जाणार, मी इथेच राहणार, पुढच्या वर्षी मी येईन, आणि येणार नसले तर आधी कळवेन. नायेलीला कितपत कळलं कोण जाणे. ती रडली. उल्काही रडली. कोणी कोणाला न सांगता गेलं नाही. माझी झोळी कोन्सुएलोने घडी करून बरोबर नेली, तीही सांगून.

पुढच्या वर्षी मेक्सिकोत तोमास उल्कापाशी आला की नाही, असं तुम्ही विचाराल. पहिले काही दिवस नाही आला. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, उद्या सकाळी मी जाणार. तेव्हा तो येऊन तिच्या शेजारी बसला. मी पेरूच्या झाडावरून बघत होतो.

ती माझी शेवटची फेरी. आता माझी स्प्रिंग खरोखरच सैल झाली आहे आणि खोटं बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, म्हणून मी या खुंट्यांच्या वर शोभेला असतो. पाहुणे येतात, कोट टांगतात आणि लांबूनच म्हणतात, "वॉव, व्हिंटेज! कित्ती सुंदर!" आणि आत निघून जातात. तेव्हा मला कोन्सुएलो आठवते आणि जरा भीतीच वाटते.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. एखादं लेकरू आवडलं, एखादं म्हातारं माणूस आवडलं, तर लांबून कौतुक करून हात मागे घेऊ नका. जवळ जा, हात लावा. आधी धुवा मात्र, नाहीतर उल्का ओरडेल. आणि निघायची वेळ आली तर सांगून निघा.

उल्का रोज सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन पकडायला धावतपळत निघते. कोट चढवते, किल्ल्या शोधते, आणि दार उघडण्याआधी टाचा उंच करून माझ्या हुकात एक बोट अडकवते, हळूच खाली ओढते आणि म्हणते, "निघते रे." माझी सुई हलते आणि जागेवर येते. त्या बोटाचं वजन किती भरतं, ते मला बरोबर ठाऊक आहे. पण ते मी तुम्हाला सांगणार नाही. दृष्ट लागते.